एमसीसीबी वारंवार पडतोय? एक साइझ वरचा टाकण्याआधी हे तपासा

मार्च उजाडला की नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, पावणे आणि इकडे ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या कारखान्यांच्या गाळ्यांमधून एकच तक्रार ऐकू येते. मशीन तीच, माल तोच, लोडही तोच; पण दुपारी दोन-अडीचच्या सुमारास फीडरचा (पॅनलमधून मशीनला वीज नेणाऱ्या लाइनचा) एमसीसीबी, म्हणजे मोल्डेड केस सर्किट ब्रेकर, पडतो (ट्रिप होतो). रात्रपाळीत काही होत नाही. पावसाळ्यात थोडं शांत होतं, ऑक्टोबरात पुन्हा सुरू. तीन-चार वेळा असं झालं की वायरमन म्हणतो, "साहेब, अडीचशे अँपिअरचा काढून चारशेचा टाकू, कटकट मिटेल."

कटकट खरंच मिटते, कारण चारशेचा ब्रेकर पडत नाही. पण आता त्याच्या खालच्या केबलचं रक्षण कोणी करत नाही. एमसीसीबी मशीन वाचवण्यासाठी बसवलाय असं अनेकांना वाटतं, पण त्याचं पहिलं काम पॅनलपासून मशीनपर्यंत गेलेली केबल वाचवणं हे आहे. १५० स्क्वेअर एमएमची अ‍ॅल्युमिनियम एक्सएलपीई (प्लॅस्टिकसारख्या इन्सुलेशनची) केबल मोकळ्या हवेत अडीचशे अँपिअरच्या आसपास पेलते. ट्रेमध्ये इतर सहा केबलींना खेटून गेली असेल तर त्याहून बरंच कमी. तिच्यावर चारशेचा ब्रेकर बसवून नॉब (किती अँपिअरला पडायचं ते ठरवणारी खुंटी) पूर्ण वर ठेवला, तर साडेतीनशे अँपिअर तासन्‌तास वाहिले तरी ब्रेकर हूं की चूं करणार नाही. इन्सुलेशन मात्र आतून करपत जाईल.

म्हणून आधी ब्रेकर कशामुळे पडला ते शोधा, नवा नग त्यानंतर निवडा. बहुतेक वेळा चूक अँपिअरच्या आकड्यात नसतेच, प्लेटवर बारीक अक्षरात लिहिलेल्या बाकीच्या गोष्टींत असते.

किती वेळाने पडला?

ऑपरेटरला विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. त्याचं उत्तर "अचानक पडला" असंच येतं, त्यावर थांबू नका. स्विच मारल्याबरोबर पडला, की मशीन अर्धा-एक तास चालल्यावर पडला, की त्या क्षणी दिवेही मिचकावले होते? साध्या थर्मल-मॅग्नेटिक एमसीसीबीत दोन वेगळे भाग असतात. बायमेटलची पट्टी तापून वाकते, ती ओव्हरलोड पकडते आणि त्याला वेळ लागतो. मॅग्नेटिक भाग शॉर्टसर्किटच्या मोठ्या करंटला क्षणात खेचतो. निवांत चालून मग पडला तर बहुधा बायमेटल, चालू करताक्षणी पडला तर बहुधा मॅग्नेटिक. शिवाय तिसराही एक प्रकार आहे, तो पुढे येईल.

ब्रेकर पडल्यावर लगेच लिव्हर वर ढकलायची सवय मोडा. बायमेटल पडला असेल तर तो निवल्याशिवाय नीट बसणारच नाही. मॅग्नेटिक पडला असेल तर केबल आणि मोटर मेगर करून (इन्सुलेशन मोजून) पाहिल्याशिवाय पुन्हा चालू करणं म्हणजे उरलासुरला फॉल्ट मुद्दाम पेटवणं. आणि पुढची सगळी तपासणी परवानाधारक माणसाने, शटडाऊन घेऊन, कुलूप लावून करायची. चालू पॅनलमध्ये फक्त मोजमाप, तेही हातमोजे आणि फेस शिल्ड घालून.

उकाडा: दुपारचा खरा गुन्हेगार

बायमेटलची पट्टी करंटने तापते तशीच भोवतालच्या हवेनेही तापते. बहुतेक कंपन्या थर्मल-मॅग्नेटिक एमसीसीबीचं रेटिंग ४० अंश सेल्सियसला धरतात, काही ५० ला. ते कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं. हे तापमान ब्रेकरच्या अंगाला लागून असलेल्या हवेचं. हवामान खात्याचा आकडा इथे कामाचा नाही आणि शॉपफ्लोअरवर टांगलेल्या थर्मामीटरचाही नाही. पत्र्याच्या शेडमध्ये बाहेर ३६ असताना पॅनलच्या आत ५५-६० सहज होतं. बाजूला कॉम्प्रेसरची गरम हवा पॅनलच्या पाठीवर सोडलेली असेल तर विचारायलाच नको, आणि असे गाळे टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात कमी नाहीत.

हिशोब करून पाहू. समजा २५० अँपिअरचा ब्रेकर आहे, नॉब ०.९ वर, म्हणजे ४० अंशांना २२५ अँपिअर. त्या फ्रेमच्या (ब्रेकरच्या साच्याच्या साइझच्या) डीरेटिंग टेबलात, म्हणजे उकाड्याने क्षमता किती घटते त्या तक्त्यात, पॅनलच्या आतल्या दुपारच्या तापमानासाठी ०.८८ हा गुणक निघाला. म्हणजे दुपारी तोच ब्रेकर १९८ अँपिअरचा झाला. लोड २१२ चालू आहे. रात्री आतलं तापमान ४४ वर उतरतं, गुणक ०.९८ च्या आसपास जातो आणि ब्रेकर २२० चा होतो. लोड तेच २१२, म्हणून रात्रपाळीला त्रास नाही. गुणक प्रत्येक फ्रेमचा वेगळा, तेव्हा तुमच्या मॉडेलचंच टेबल बघा.

इथे एक गमतीची गोष्ट असते, ती मेंटेनन्सवाल्यांना फार चक्रावते. शेजारच्या फीडरवर तसाच ब्रेकर, तेवढंच लोड, पण तो पडत नाही. मग पहिला नग डिफेक्टिव्ह ठरवून डीलरशी भांडण. आयएस/आयईसी ६०९४७-२ या मानकाप्रमाणे ब्रेकरने सेटिंगच्या १.०५ पटीला पडायचं नाही आणि १.३० पटीला ठरलेल्या वेळात पडलंच पाहिजे. ६३ अँपिअरपर्यंत ती वेळ एक तास, त्यावर दोन तास. या दोन रेषांच्या मधे तो पडेलही, पडणारही नाही, दोन्ही मानकाला मान्य. वरच्या उदाहरणात २१२ भागिले १९८ म्हणजे १.०७. बरोबर त्या मधल्या पट्ट्यात. दोन्ही नग ठीक आहेत, फक्त एकाची पट्टी जरा लवकर वाकते.

मग काय करायचं? पॅनलचं दार बंद ठेवून, भर दुपारी, ब्रेकरजवळ थर्मोकपल ठेवून तापमान घ्या. दार उघडून थर्मल गन मारली की गरम हवा निघून गेलेली असते आणि आकडा खोटा येतो. एक्झॉस्ट फॅन फिरतोय का आणि त्याचा फिल्टर शेवटचा कधी धुतला हे पाहा. प्लॅस्टिकचा भुसा किंवा कापडाची लव बसून फिल्टरची गादी झालेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. दार उघडं टाकून समोर पेडेस्टल फॅन लावणं हा सगळ्यात लोकप्रिय उपाय, आणि सगळ्यात वाईट. धूळ, दमट हवा, खाडीचा खारटपणा, शेजारच्या केमिकल कंपनीची वाफ हे सगळं थेट बसबारवर (पॅनलमधल्या वीज वाटणाऱ्या पट्ट्यांवर) जातं, आणि जिवंत भाग माणसांच्या हाताच्या अंतरावर येतात.

वरच्या उदाहरणात केबलची क्षमता तपासून नॉब १.० वर नेला तर दुपारचे २२० मिळतात आणि काम भागतं. पण काठावरच. उद्या मालकाने आणखी एक छोटं मशीन जोडलं की पुन्हा तीच रड. असा फीडर असेल तर मी मायक्रोप्रोसेसर रिलीजचा (बायमेटलऐवजी इलेक्ट्रॉनिक्सने पाडणारा) ४०० फ्रेमचा ब्रेकर घेऊन सेटिंग ०.६ वर, म्हणजे २४० अँपिअरवर ठेवायला सुचवतो. इलेक्ट्रॉनिक रिलीज करंट मोजतं ते सीटीने (करंट ट्रान्सफॉर्मरने), त्यामुळे उकाड्याने त्याचं सेटिंग सरकत नाही, आणि मोठी फ्रेम तेवढ्याच करंटला कमी तापते. वायरमनच्या चारशेत आणि या चारशेत फरक हा की इथे संरक्षण २४० चं आहे. अर्थात केबल तिच्या जागेवर २४० पेलत असेल तरच. तो नॉब नंतर कोणी गुपचूप फिरवू नये म्हणून पारदर्शक झाकणाला सील करा. हा खर्च जास्त आहे, नाकारत नाही.

लग (केबलच्या टोकाचा जोड) बघा, करंटच्या आधी

तीनही फेजवर करंट सारखा, पण टर्मिनलवर एका फेजचं तापमान बाकीच्या दोघांपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी जास्त. अशा वेळी दोष लोडचा नाही आणि ब्रेकरचाही नाही, जोडाचा आहे. ढिल्या जोडाची उष्णता तांब्याच्या पट्टीवरून थेट आत बायमेटलपर्यंत जाते आणि ब्रेकर खोट्या ओव्हरलोडला पडतो.

कारणं ठरलेली असतात. अ‍ॅल्युमिनियम केबलला बायमेटॅलिक (दोन धातूंचा) लग न लावता साधाच लग तांब्याच्या टर्मिनलवर कसलेला. लग एक नंबर छोटा मिळाला म्हणून केबलच्या बाहेरच्या चार-सहा तारा छाटून उरलेला गाभा आत घातलेला. क्रिंपिंगची डाय चुकीची. बोल्ट "हाताच्या अंदाजाने" आवळलेला. अ‍ॅल्युमिनियम तापताना फुगतं, निवताना आकसतं, दाबाखाली हळूहळू सरकतं. त्यामुळे बसवताना घट्ट वाटलेला बोल्ट सहा महिन्यांनी तसा राहील याची खात्री नाही. टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्यालाच आवळा आणि बोल्टवर मार्करची रेघ मारा, म्हणजे पुढच्या फेरीत तो हललाय का ते दिसतं. जास्त आवळणंही तितकंच घातक, कारण आतला मोल्डेड भाग तडकतो आणि बाहेरून दिसत नाही.

पॅनलच्या आयएस/आयईसी ६१४३९ मानकात बाहेरच्या केबलींच्या टर्मिनलला भोवतालच्या हवेपेक्षा ७० अंशांपर्यंत वाढ चालते. म्हणून टर्मिनल ९० दाखवतंय एवढ्यावर घाबरू नका. फेज-फेजमधला फरक आणि महिन्यागणिक होणारी वाढ, लक्ष तिथे असू द्या.

क्लॅम्प मीटर खरं बोलतोय का?

"साहेब, लोड १८० च आहे, तरी पडतो." कोणत्या मीटरने मोजलं? मोल्डिंग मशीनच्या सर्वो ड्राइव्ह, कॉम्प्रेसरचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), यूपीएस हे सगळे करंट लाटेच्या टोकाटोकाने खेचतात. साधा सरासरी मोजणारा क्लॅम्प मीटर अशा लाटेवर खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. बायमेटल मात्र खऱ्या आरएमएसवर, म्हणजे करंटच्या तापवणाऱ्या मूल्यावर चालतं, त्याला फसवता येत नाही. ट्रू आरएमएस मीटर घ्या आणि चौथी वायर, म्हणजे न्यूट्रलही मोजा. हीटर फेज-न्यूट्रलमध्ये असमान वाटलेले असतील तर असमतोलामुळे न्यूट्रलमधून करंट वाहतो, आणि एकफेजी इलेक्ट्रॉनिक लोड जास्त असेल तर तिसऱ्या हार्मोनिकमुळे (मूळ लाटेच्या तिप्पट वारंवारतेच्या करंटमुळे) न्यूट्रलचा करंट फेजला टक्कर देतो. साडेतीन कोअर केबलमधला अर्ध्या साइझचा न्यूट्रल मग आतल्या आत भाजतो आणि तीन पोलचा ब्रेकर त्याकडे बघतही नाही.

एक तासाचं रीडिंग पुरत नाही. सोमवारी सकाळी सगळ्या बॅरलचे हीटर एकदम चालू होतात तेव्हाचा आकडा आणि दुपारचा आकडा वेगळे असतात. लॉगर लावून पूर्ण आठवड्याचा आलेख घ्या.

चालू करताक्षणी पडतो

हा वेगळा आजार आहे, आणि अलीकडे वाढलाय तो जुनी मोटर काढून आयई३ (जास्त कार्यक्षमतेच्या वर्गाची) मोटर बसवल्यामुळे. कार्यक्षमता वाढली, पण सुरुवातीचा झटकाही वाढला. ४५ किलोवॅटची मोटर ४१५ व्होल्टला साधारण ८० अँपिअर घेते. डायरेक्ट ऑन लाइन (थेट पूर्ण व्होल्टेजवर) सुरू केली तर सहा-सात पट करंट काही सेकंद, आणि अगदी पहिल्या अर्ध्या सायकलमध्ये टोक बारा पटींवरही जाऊ शकतं, म्हणजे ९६० च्या पुढे. १०० अँपिअरच्या ब्रेकरचं मॅग्नेटिक सेटिंग दहा पट म्हणजे १००० असेल, तर मोटर कधी सुरू होईल, कधी ब्रेकर पाडेल. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (आधी कमी, मग पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या) हाच झटका स्टारमधून डेल्टात जाताना बसतो. पाच-सात सेकंदांनी, बरोबर बदलाच्या क्षणी पडत असेल तर कारण हेच समजा.

इथे वितरणासाठीचा साधा एमसीसीबी न घेता मोटर-ड्यूटीचा घ्यावा. त्याचं मॅग्नेटिक सेटिंग उंच असतं, आणि ओव्हरलोडचं काम तो स्टार्टरच्या रिलेवर सोडतो. ब्रेकर, काँटॅक्टर आणि रिले यांचा मेळ कंपनीच्या टाइप-२ कोऑर्डिनेशन टेबलातूनच घ्या. तीन दुकानांतून तीन ब्रँड गोळा केले तर तो मेळ कोणीच तपासलेला नसतो.

पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर बँकेचा ब्रेकरही असाच फसतो. ४१५ व्होल्टवर ५० केव्हीएआरला जवळपास ७० अँपिअर लागतात म्हणून लोक १०० चा लावतात. हार्मोनिक, वाढीव व्होल्टेज आणि कपॅसिटरची टॉलरन्स धरून दीड पट पकडा. १०५ येतात, म्हणून १२५ चा.

करंट नाहीच, तरी पडला

तिसरा प्रकार तो हा. ब्रेकरमध्ये अंडरव्होल्टेज रिलीज (व्होल्टेज बसलं की ब्रेकर पाडणारा भाग) बसवलेलं असतं आणि त्याची कोणाला आठवणच नसते. मानकाप्रमाणे ते ठरलेल्या व्होल्टेजच्या ७० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान केव्हाही सुटू शकतं. पावसाळ्यात लाइनवर कुठे झाड टेकलं, क्षणभर व्होल्टेज बसलं, दिवे मिचकावले आणि सगळे ब्रेकर खाली. लिव्हर मधल्या ट्रिप स्थितीतच दिसते, त्यामुळे तपासणारा ओव्हरलोड शोधत बसतो. टाइम डिले युनिट लावलं की क्षणिक बुडीने ते सुटत नाही. अर्थ लीकेज मॉड्यूल असेल तर व्हीएफडीच्या फिल्टरमधून जमिनीकडे जाणारा गळती करंटही बघा. फॉल्टने पडला की बाहेरून पाडला हे वेगळं दाखवणारा सहायक काँटॅक्ट बहुतेक ब्रेकरला मिळतो. किंमत किरकोळ, पण ऑर्डर देताना कोणी मागत नाही.

आता नवा घ्यायचाच असेल तर: केए

काउंटरवर दोनच प्रश्न विचारतात, किती अँपिअर आणि किती पोल. ज्या गोष्टीवर माणसांचा जीव अवलंबून आहे ती म्हणजे ब्रेकिंग कपॅसिटी (किती केए, म्हणजे किती हजार अँपिअरचा फॉल्ट तो तोडू शकतो), आणि ती विचारलीच जात नाही.

कारखाना सुरू झाला तेव्हा ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर होता असं धरा. दुय्यम बाजू ४३३ व्होल्ट, पूर्ण लोड ६६७ अँपिअर. इंपिडन्स साडेचार टक्के असेल तर बसबारवर शॉर्टसर्किटला सुमारे १५ केए. त्या वेळच्या माणसाने १६ केएचे ब्रेकर लावले, ते कसंबसं चाललं. मग धंदा वाढला आणि १००० केव्हीएचा आला: पूर्ण लोड १३३३ अँपिअर, पाच टक्के इंपिडन्सला फॉल्ट जवळपास २७ केए. इनकमर (पॅनलचा मुख्य ब्रेकर) बदलला, केबल बदलली, पण आउटगोइंग फीडरचे १६ केएचे ब्रेकर जागच्या जागी. रोजच्या कामात ते काहीच कुरकुर करत नाहीत. पॅनलजवळ खरा शॉर्ट झाला तर मात्र तो करंट तोडणं त्यांच्या कुवतीबाहेरचं आहे आणि ते पॅनलच्या दारात फुटतील. दोन ट्रान्सफॉर्मर पॅरलल चालत असतील तर आकडा दुप्पट धरा. ट्रान्सफॉर्मरच्या प्लेटवर इंपिडन्सची टक्केवारी कोरलेली असते. पूर्ण लोड करंटला तिने भागायचं, बस.

ब्रेकरच्या प्लेटवर केएचे दोन आकडे असतात. आय-सी-यू म्हणजे तो जास्तीत जास्त किती तोडू शकतो. त्यानंतर तो पुन्हा पूर्ण रेटिंगवर काम करेल याची हमी नाही. आय-सी-एस म्हणजे तेवढा तोडूनही सेवेत राहील असा आकडा, तो आय-सी-यूच्या २५, ५०, ७५ किंवा १०० टक्के असतो. जिथे उत्पादन थांबवणं परवडत नाही तिथे १०० टक्केवालाच मागा. आणि हे आकडे ४१५ व्होल्टच्या रकान्यातले वाचा. २३०-२४० च्या रकान्यात तोच ब्रेकर फार मोठा पैलवान दिसतो.

मशीनजवळ शॉर्ट झाला आणि खालच्या एमसीसीबीबरोबर मेन पॅनलचाही पडला, अख्खा गाळा अंधारात, असं होत असेल तर सिलेक्टिव्हिटी (फॉल्टच्या जवळचाच ब्रेकर पडावा ही रचना) चुकली आहे. दोन थर्मल-मॅग्नेटिक ब्रेकर एकाखाली एक असले की मोठ्या फॉल्टला दोघांचंही मॅग्नेटिक एकदमच उठतं. वरच्याला शॉर्ट-टाइम डिले असलेलं इलेक्ट्रॉनिक रिलीज द्या, आणि जोडी कंपनीच्या सिलेक्टिव्हिटी टेबलात आहे का ते तपासूनच ऑर्डर करा.

बसवताना वरच्या बाजूला कंपनीने सांगितलेली मोकळी जागा सोडा, कारण आर्कचा गरम वायू तिथून बाहेर येतो. फेज बॅरियर (फेजमधले आडपडदे) खोक्यातच राहून जातात, तेही लावा. काम झाल्यावर पॅनलच्या दारावर आतून एक कागद चिकटवा: सेटिंग किती, केबल कोणती, बसबारवरचा फॉल्ट किती केए, टॉर्क किती.

आणि ज्या ब्रेकरने खरा मोठा शॉर्ट तोडला आहे तो वेगळा ठेवा. लिव्हर खालीवर होते म्हणून तो ठीक ठरत नाही. तिन्ही पोलचा मिलिव्होल्ट ड्रॉप आणि इन्सुलेशन मोजून कंपनीच्या आकड्यांशी जुळवा. जुळलं नाही तर काँटॅक्ट जळालेले आहेत. सील तोडून ते घासत बसू नका. लिव्हर दोरीने बांधा, वर ‘बाद’ असं ठळक लिहा, नाहीतर पुढच्या ब्रेकडाऊनला तोच नग स्टोअरमधून बाहेर येऊन दुसऱ्या पॅनलमध्ये बसलेला दिसेल.